‘बिल भरले की हक्क संपला’ : वॉरंटीवरील एका संदेशाचा प्रतिवाद

वाहनधारकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश बराच फिरतो आहे. वॉरंटीतील गाडीच्या दुरुस्तीचे बिल डीलरने लावले तर ते मुकाट्याने भरावे, असे तो सांगतो. कारणे अशी की, डीलरचा शब्द अंतिम असतो. बिल भरून गेटपास (गाडी बाहेर नेण्याची परवानगी-चिठ्ठी) घेतला की तक्रारीचा हक्क संपतो. बाहेरच्या गॅरेजचा एकदा जरी हात लागला तरी वॉरंटी बाद होते. आणि ग्राहक आयोगात वकिलाची फी बिलापेक्षा जास्त होते. सल्ला व्यवहारी वाटतो, पण त्याची कारणे तपासून पाहायला हवीत.

वॉरंटी हे कंपनीचे वचन आहे आणि त्याच्या अटी गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेल्या असतात. त्यामुळे सर्व्हिस ॲडव्हायझर (डीलरकडे गाडी दुरुस्तीसाठी घेणारा कर्मचारी) ‘हे वॉरंटीत बसत नाही’ म्हणतो, तेव्हा नकार कंपनीचा आहे की त्याचा स्वतःचा अंदाज आहे, हे आधी विचारावे आणि कोणता भाग कशामुळे बिघडला व कोणत्या अटीने तो वगळला, हे लेखी मागावे. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांची झीज किंवा उंदराने कुरतडलेले वायरिंग हा उत्पादनातील दोष नव्हे, तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. (संदेश लिहिणाऱ्याचे हात बहुधा तेथेच पोळले असावेत.) मात्र एसीचा कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलला आणि मजुरी वेगळी लावली, तर पुस्तिका उघडून ती कोठे वगळली आहे ते दाखवायला सांगावे. हा पत्रव्यवहार कंपनीलाही पाठवावा, म्हणजे डीलरने काय केले हे माहीत नव्हते, असे तिला म्हणता येणार नाही. जुन्या सालची गाडी नवी म्हणून विकल्याच्या गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये स्पष्ट केले की, डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती जबाबदारी आपोआप कंपनीवर पडत नाही.

गेटपासच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७०नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम व कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. म्हणून ‘बिल भरू नका, गाडी घेऊन या’ हा उलटा सल्लाही घातकच. त्यात गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिली की पार्किंगचे पैसे लावायला काही डीलर मागेपुढे पाहत नाहीत. परंतु पैसे भरणे म्हणजे आकारणी मान्य करणे नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत देतो आणि बिल भरले म्हणून ती संपत नाही. बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहावे, त्याच दिवशी तसा ईमेल पाठवावा आणि ‘काम समाधानकारक’ ही छापील ओळ सही करण्यापूर्वी खोडावी. जॉबकार्डवरही, म्हणजे गाडी देताना कामाची नोंद होते त्या कागदावरही, तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. तेथे नुसते ‘जनरल चेकअप’ लिहिलेले असेल, तर ग्राहकाने हा बिघाड कधी सांगितलाच नव्हता, असे म्हणायला पुढे वाट मोकळी राहते. ज्या भागाचे पैसे घेतले, तो जुना भाग परत मागावा, कारण आयोगाला प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची झाल्यास पुरावा तोच असतो. वॉरंटीत बदललेले भाग सहसा कंपनीकडे जातात. तेव्हा पैसे घेऊनही ‘जुना भाग कंपनीला पाठवावा लागतो’ असे उत्तर मिळाले, तर तो कोणत्या हिशेबात जातो आहे, हे विचारायलाच हवे.

बाहेरच्या गॅरेजबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कारउत्पादकांविरुद्धच्या प्रकरणात २५ ऑगस्ट २०१४ रोजी आदेश दिला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये आणि बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्याचे म्हणणे होते. या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले, त्यामुळे काउंटरवर तो शेवटचा शब्द म्हणून आपटू नये. त्यातील तर्क मात्र वापरावा. बाहेर वायर कापून म्युझिक सिस्टिम बसवली असेल आणि त्याच सर्किटमध्ये बिघाड झाला असेल, तर नकार समजण्यासारखा आहे. पण त्याच कारणाने स्टिअरिंगच्या रॅकचा आवाज वॉरंटीबाहेर कसा जाईल? ठरलेली ऑइल सर्व्हिस चुकवल्यावर इंजिन बिघडले, तर गोष्ट वेगळी.

राहिला खर्च. ग्राहक आयोगापुढे वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. गाडीची किंमत धरली तरी २० लाखांपर्यंत ते ४०० रुपयांपलीकडे जात नाही. वेळेबद्दलची कुरकुर मात्र रास्त आहे, कारण तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो आणि प्रत्यक्षात तारखा लांबतात. दोन-तीन हजारांच्या बिलासाठी मी कंपनीला पत्र आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, एवढ्यावरच थांबेन. गिअरबॉक्सच्या बिलासाठी थांबणार नाही.