प्रोजेक्ट फाइल म्हणजे बॅकअप नव्हे, कार्डं फॉरमॅट करू नका

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'एडिटर मित्रांनो, हार्ड डिस्कवर पैसे घालवू नका' अशी त्याची सुरुवात. पुढं पाच मुद्दे. प्रोजेक्ट फाइल, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आपलं काम सेव्ह होतं ती फाइल, सेव्ह केली की सगळं काम तिच्यात आलं. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उघडते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवली की बॅकअप झाला. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड लगेच फॉरमॅट करून मोकळं करा, लागलंच तर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं सगळं परत निघतं. आणि गूगल ड्राइव्हचं सिंक चालू असेल तर वेगळ्या बॅकअपची गरजच नाही.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण हा माझ्या भाच्यानंच मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग जयसिंगपूरच्या लग्नाची कार्डं मोकळी करू का? उद्या दुसरी ऑर्डर हाय." त्याला लगेच फोन करून थांबवलं. पण नवीन धंद्यात पडलेल्या प्रत्येक पोराला असा फोन जाणार नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा तर सरळ खोटा आहे, आणि बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. प्रीमिअर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीनं स्वतःच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहून ठेवलंय की प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ, ऑडिओ, फोटो यातलं काहीही साठवलं जात नाही. साठवला जातो तो फक्त संदर्भ: फाइलचं नाव काय आणि इंपोर्ट करताना ती कुठं होती. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांचंच हे म्हणणं आहे, तेव्हा यावर वाद घालायला जागाच उरत नाही. साइझ बघितली तरी कळतं. चार कार्डं भरून, दोन-अडीचशे जीबी फुटेज, म्हणजे शूट केलेल्या क्लिपा, आणलेलं असतं, आणि प्रोजेक्ट फाइल भरते काही एमबी. एवढ्यात लग्न कुठं मावणार? सातबारा खिशात आहे म्हणून शेत खिशात येत नाही.

फुटेज नसताना तीच फाइल उघडली की काय होतं तेही बघून घ्या. टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीनं लावलेली पट्टी, जागच्या जागी असते, कट बरोबर असतात, गाण्याचे मार्कर असतात. आणि वर मॉनिटरमध्ये लालभडक पट्टा, त्यावर वेगवेगळ्या भाषांत एकच वाक्य: मीडिया ऑफलाइन. हळदीपासून वरातीपर्यंत जिथं प्लेहेड न्याल तिथं तोच लाल पट्टा.

डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवाल्यांचं तर आणखी वेगळं. तिथं प्रोजेक्ट फोल्डरमध्ये फाइल म्हणून पडलेला नसतोच, तो प्रोजेक्ट लायब्ररीत, म्हणजे डेटाबेसमध्ये असतो. डीआरपी म्हणून एक्सपोर्ट केला तरी फुटेज सोबत येत नाही. फुटेजसकट हवा असेल तर प्रोजेक्ट आर्काइव्ह, म्हणजे डीआरए, करावा लागतो.

आता यात अर्धं खरं काय आहे ते सांगतो, नाहीतर कुणीतरी लगेच 'माझं तर उघडलं' म्हणून येईल. तेच फुटेज दुसऱ्या डिस्कवर आधीच असेल, तर नुसती प्रोजेक्ट फाइल पाठवून काम पुढं चालू राहतं. रोज रात्री ती फाइल मेलवर टाकायची सवयही चांगलीच आहे. मोबाइलवर काइनमास्टर या एडिटिंग अ‍ॅपमधून एक्सपोर्ट केलेल्या प्रोजेक्टमध्ये क्लिपाही सोबत येतात. मेसेज लिहिणाऱ्यानं यातलंच काहीतरी एकदा बघितलं असणार आणि सगळ्यांना नियम म्हणून वाटून टाकलं.

'कुठल्याही कॉम्प्युटरवर जशीच्या तशी' हेही चुकीचं. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. प्लगइन (इफेक्टची जोड-सॉफ्टवेअरं) आणि लट (LUT, रंग बदलायच्या तयार फाइली) तिकडं नसतील तर इफेक्ट आणि रंग गेले. आणि आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे फॉन्ट. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टायटल केलेलं असेल आणि दुसऱ्या मशिनवर तो फॉन्ट नसेल, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. घाईत तसंच रेंडर झालं, म्हणजे शेवटची फिल्म तशीच निघाली, तर नवरीचं नाव वाचता येणार नाही अशी फिल्म गिऱ्हाइकाच्या हातात जाते. फॉन्टचा फोल्डर प्रोजेक्टसोबतच न्यायचा.

आता चौथा मुद्दा. 'कार्ड फॉरमॅट करा, रिकव्हरीनं सगळं परत निघतं.' पोरांचं खरं नुकसान याच वाक्यानं होणार आहे.

साधं फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा फाइलींची यादी पुसली जाते, खालचा डेटा लगेच जात नाही. म्हणून काही वेळा रिकव्हरी होते, हे मान्य. पण आपण कार्ड फॉरमॅट करतो कशाला? दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरं लग्न शूट करायला. नवीन शूटिंग ज्या जागेवर बसलं, तिथलं जुनं कुणाच्या बापाला परत काढता येत नाही. मुहूर्ताच्या दिवसांत एक कार्ड आठवड्यात किती लग्नं बघतं, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

त्यात व्हिडिओ फाइलचा स्वभावच वेगळा. एमपीफोरमध्ये कुठली फ्रेम कुठं आहे याची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. पुन्हा पुन्हा वापरलेल्या कार्डावर एका क्लिपचे तुकडे इकडं-तिकडं पडलेले असू शकतात. रिकव्हरी सॉफ्टवेअर फाइल काढून देतं, साइझही बरोबर दिसते, आणि क्लिक केलं की चालतच नाही. फोटो परत मिळाला म्हणून व्हिडिओही मिळेल असं धरून चालू नका.

एसएसडीचं, म्हणजे चकती नसलेल्या चिपवाल्या वेगवान ड्राइव्हचं, तर नावच काढू नका. एसएसडीवरची फाइल डिलीट केली की ऑपरेटिंग सिस्टिम ट्रिम नावाचा आदेश पाठवते आणि ड्राइव्ह ती जागा आपणहून मोकळी करून टाकतो. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर चालवा, हाती बहुधा काही लागत नाही. आणि आता बहुतेक पोरं एडिटिंग एसएसडीवरूनच करतात! मंगलाष्टका परत होत नाहीत, पाठवणीला रडलेली आई दुसऱ्यांदा तशी रडत नाही. अशा कामात 'लागलंच तर रिकव्हर करू' असं सांगणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते, व्हिडिओ म्हणून टाकलं तर दाबून बारीक होते. छोटी फाइल पोचवायला ते ठीक. बॅकअप म्हणून नाही.

सिंकचा मुद्दा दिसायला शहाणपणाचा आहे, म्हणून जास्त फसवा. सिंक म्हणजे इकडं जे होईल ते तिकडं. इकडं चुकून फोल्डर उडवला की तिकडूनही उडतो. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. फुकटची जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट. शिवाय ४० एमबीपीएस अपलोड अखंड मिळालं तरी २०० जीबी चढायला अकरा तास लागतात. तेवढं फुटेज कोल्हापुरातून इचलकरंजीच्या एडिटरला द्यायचं असेल तर डिस्क घेऊन गाडीवर तासाभरात पोचता.

मग करायचं काय? कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचं, कट-पेस्ट नाही, कॉपी. कॅमेऱ्याचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा घ्यायचा, नुसत्या क्लिपा वेचायच्या नाहीत. फाइलींची संख्या आणि एकूण साइझ दोन्हीकडं जुळवून बघायची, चार-पाच क्लिपा उघडून मधून-मधून चालवून बघायच्या. विंडोज आणि मॅक दोन्हीकडं न्यायची डिस्क एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या, कारण फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ती काढताना इजेक्ट करूनच काढा. काम संपलं की प्रीमिअरच्या प्रोजेक्ट मॅनेजरमधून 'कलेक्ट फाइल्स' करा, म्हणजे प्रोजेक्टला लागलेलं फुटेज आणि गाणी एका फोल्डरमध्ये येतात.

आणि दुसरी डिस्क त्याच दुकानात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत पुराचं पाणी शिरलं, जुलै २०२१ मध्ये पंचगंगेनं पुन्हा तेच दाखवलं. एकाच कपाटातल्या दोन डिस्क पुरात एकदमच बुडतात. एक घरी, एक दुकानात, आणि दोन्ही पुराच्या पट्ट्यात येत असतील तर एक पाहुण्यांकडं.

भाच्याची कार्डं तशीच आहेत. उद्याच्या ऑर्डरला त्यानं माझी दोन नेलीत. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर त्याच्याखाली हे टाका, आणि कुणी कार्ड मोकळं करायला निघाला असेल तर त्याला आधी विचारा: दुसरी कॉपी उघडून बघितलीस का?