आवाज स्वच्छ आहे म्हणून स्वरतंतू हलतातच असे नव्हे

थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांसाठी म्हणून एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर गटागटांतून पुढे पाठवला जातो. या शस्त्रक्रियेत स्वरतंतू हलवणारी नस (मज्जातंतू) दुखावू शकते, म्हणून स्वरतंतू तपासण्याचा प्रश्न येतो. त्याचा आशय थोडक्यात असा : गळ्यावरून सोनोग्राफी केली की स्वरतंतूंची हालचाल स्पष्ट दिसते, त्यामुळे नाकातून दुर्बीण घालण्याची पद्धत कालबाह्य झाली आहे, शस्त्रक्रियेनंतर आवाज पूर्वीसारखा असेल तर तपासणीची गरजच नाही, शंका राहिलीच तर थेट सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा, कारण त्यात सगळेच दिसते, आणि स्ट्रोबोस्कोपी (चमकत्या दिव्याच्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर पाहण्याची तपासणी) म्हणजे साध्या व्हिडिओला लावलेली जादा किंमत. या चारही विधानांत तथ्याचा थोडाथोडा अंश आहे, त्यामुळे त्यांवर सरसकट ‘खोटे’ असा शिक्का मारून भागत नाही.

घोळाचे मूळ ‘हालचाल’ या शब्दात आहे. स्वरतंतूंना दोन निरनिराळ्या हालचाली असतात. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि बोलताना, गिळताना जवळ येतात. ही हालचाल स्नायूंची आहे, ती नसेच्या हुकमाने होते आणि नुसत्या डोळ्यांनाही टिपता येते. जवळ आलेल्या तंतूंच्या कडा फुफ्फुसांतून वर येणाऱ्या हवेने थरथरतात, ती दुसरी : पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, स्त्रीच्या बोलण्यात २०० च्या आसपास. ‘तंतू’ या शब्दाने आपल्यापुढे तंबोऱ्याच्या तारा उभ्या राहतात. प्रत्यक्षात त्या मऊ अस्तर चढलेल्या दोन स्नायुमय घड्या आहेत, आणि ते अस्तर खालच्या थरांवर सैलपणे लाटेसारखे सरकते म्हणून नितळ आवाज उमटतो. पहिली हालचाल शाबूत असून दुसरी बिघडलेली असू शकते. कोणते यंत्र यांतली कोणती हालचाल दाखवते, हा प्रश्न संदेशात कुठेच विचारलेला नाही.

आता सोनोग्राफी. गळ्याच्या मध्यभागी, कंठमण्याच्या पातळीवर प्रोब (यंत्राचा गळ्यावर टेकवायचा भाग) आडवा धरला की पडद्यावर दोन काळसर पट्ट्या पुढच्या टोकाला जुळलेल्या दिसतात. रुग्णाला संथ श्वास घ्यायला लावून मग ‘ईऽऽ’ म्हणायला सांगितले की त्या मिटतात, आणि एक बाजू हलत नसेल तर ते तिथल्या तिथे कळते. तपासणी बिनदुखाची आहे, किरणोत्सर्ग नाही, आणि कोविडच्या साथीत दुर्बिणीमुळे खोकला येऊन तुषार उडण्याची भीती होती तेव्हा अनेक ठिकाणी तिचा आधार घेतला गेला. तान्ह्या मुलांत तर ती विशेष उपयोगी पडते, कारण त्यांच्या स्वरयंत्राच्या कूर्चा मऊ असतात आणि ध्वनिलहरी आरपार जातात. अडचण नेमकी इथेच सुरू होते. वय वाढते तशी कंठमण्याची कूर्चा कॅल्शियम साचून हाडासारखी होते, तिच्यामागे सावली पडते आणि तंतू त्या सावलीत हरवतात. पुरुषांत कूर्चेचा कोनही अधिक टोकदार असल्याने प्रोब नीट टेकत नाही. त्यामुळे तिशीतल्या स्त्रीच्या तपासणीत जे लख्ख दिसते, ते साठीतल्या पुरुषाच्या तपासणीत दिसेल याची हमी कोणी देऊ नये. चाळणी म्हणून सोनोग्राफी चांगली आहे. ज्यांचे चित्र अस्पष्ट येते किंवा शंकास्पद दिसते, त्यांना दुर्बिणीकडे पाठवावेच लागते.

त्या दुर्बिणीविषयी संदेशात इतकी भीती घातली आहे की दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. नाकात बधिर करणारे औषध फवारून बोटापेक्षा बरीच बारीक, लवचीक नळी सरकवतात, रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, आणि ‘ईऽऽ’ म्हणा, नाकाने हुंगा, पुन्हा ‘ईऽऽ’ म्हणा, असे चार-पाच वेळा झाले की काम बहुधा संपते. घशातील बधिरता उतरेपर्यंत पाणी पिऊ नये, एवढे पथ्य. आणि जिला संदेशात ‘नवा धंदा’ म्हटले आहे त्या तपासणीचा पाया मानुएल गार्सिया या गानगुरूने १८५४ साली घातला. दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून त्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले होते.

सर्वांत घातक विधान दुसरे आहे. स्वरयंत्राच्या बहुतेक सर्व स्नायूंना चालवणारी रिकरंट लॅरिंजिअल नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते. शस्त्रक्रियेत ती ताणली गेली किंवा दुखावली तर त्या बाजूचा तंतू थांबतो. मात्र तो मध्यरेषेजवळ थांबला तर दुसरा, निरोगी तंतू थोडा पुढे सरकून त्याला गाठतो आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. रुग्ण आवाजाची तक्रार करत नाही, फार तर पाणी पिताना ठसका लागतो म्हणतो. अशा रुग्णाच्या थायरॉइडची दुसरी बाजू काही वर्षांनी काढायची वेळ आली आणि पहिला तंतू बंद आहे हे कोणाला ठाऊकच नसले, तर त्या वेळी दुसऱ्या नसेला झालेली इजा दोन्ही तंतू बंद पाडते. तेव्हा दोन्ही तंतू मध्यरेषेजवळ अडकून राहिले तर आवाज जवळजवळ ठीक वाटतो, पण श्वासाला वाट उरत नाही. जिना चढताना श्वास आत घेताच शिट्टीसारखा आवाज येतो आणि कधीकधी गळ्याला छिद्र पाडून श्वासमार्ग मोकळा करावा लागतो. स्वच्छ आवाजाला इथे निरोगीपणाचा दाखला मानणे किती महागात पडू शकते, ते यावरून दिसावे.

याची उलट बाजूही आहे. भुलेसाठी घातलेल्या नळीने सूज येऊन आवाज काही दिवस घोगरा राहतो, तरी दोन्ही तंतू व्यवस्थित हलत असतात. तंतूंना ताण देणाऱ्या स्नायूची नस वेगळी आहे. ती दुखावली तर उघडझाप नीट दिसते, पण गाणाऱ्याचा आवाज तार सप्तकात चढत नाही. थायरॉइडच्या प्रत्येक रुग्णाची दुर्बिणीने तपासणी करावी की निवडकांची, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे मान्य. पण आवाज बदललेला असताना, गळ्यावर आधी शस्त्रक्रिया झालेली असताना किंवा कर्करोग ग्रंथीबाहेर पसरल्याचा संशय असताना तपासणी टाळण्याच्या बाजूने कोणी जबाबदार माणूस बोलत नाही.

सीटी आणि एमआरआयबाबत संदेशाने गाडी बैलापुढे जोडली आहे. नेहमीच्या पद्धतीने काढलेला स्कॅन हे थांबलेले चित्र असते; त्यात तंतू बंद पडल्याच्या खुणा सापडू शकतात, पण रुग्णाने त्या क्षणी श्वास कसा धरला होता यावर अवलंबून त्या फसवूही शकतात. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की, आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहण्याआधी सीटी किंवा एमआरआय करू नये. आणि ४ आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र पाहावे. स्कॅनचे खरे काम त्यानंतरचे : तंतू हलत नाही हे कळल्यावर तो का हलत नाही हे शोधण्याचे. डावी नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन परत वर येते, म्हणून डावा तंतू बंद असला तर स्कॅन कवटीच्या तळापासून छातीपर्यंत करावा लागतो. फुफ्फुसाची गाठ, क्षयाने सुजलेल्या ग्रंथी, किंवा १८९७ साली डॉक्टर ऑर्टनर यांनी वर्णन केले तसे झडपेच्या विकाराने फुगलेले हृदय, यांपैकी काहीही त्या नसेला दाबू शकते. पेट स्कॅनमध्ये (कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) तर जास्तीचे काम करणारा निरोगी तंतू उजळ दिसतो आणि बंद पडलेला निस्तेज. स्वरयंत्र न पाहता अहवाल वाचला तर निरोगी बाजूलाच गाठ असल्याचा संशय येतो.

राहिली स्ट्रोबोस्कोपी. शस्त्रक्रियेनंतर नस चालते का, एवढाच प्रश्न असेल तर साधी दुर्बीण पुरते आणि तिथे स्ट्रोबचा आग्रह धरणाऱ्याला रुग्णाने जरूर कारण विचारावे. पण स्ट्रोबोस्कोपी म्हणजे साधा किंवा नुसता संथ केलेला व्हिडिओ नव्हे. सेकंदाला २५ चित्रे घेणारा कॅमेरा आणि २०० वेळा थरथरणारा तंतू म्हटला की एकेका चित्राच्या वाट्याला ८ कंपने येतात आणि कडा नुसती पुसट दिसते. स्ट्रोबमध्ये रुग्णाच्या आवाजाची पट्टी मोजून दिवा सेकंदाला १९९ वेळा चमकवला, तर प्रत्येक चमक पुढच्या कंपनाचा किंचित पुढचा क्षण पकडते आणि पडद्यावर सेकंदाला एक संथ कंपन दिसू लागते. ते अनेक कंपनांच्या तुकड्यांतून जुळवलेले असते. म्हणूनच आवाज फार फाटलेला, अनियमित असला की चित्र उड्या मारते आणि सेकंदाला हजारो चित्रे घेणारा कॅमेरा लागतो. दिवसभर वर्गावर बोलणारी एखादी शिक्षिका महिनोन्‌महिने घोगऱ्या आवाजाने वावरते, साध्या प्रकाशात तिचे दोन्ही तंतू उघडतात, मिटतात, अहवालात ‘हालचाल नॉर्मल’ असे लिहिले जाते. आणि स्ट्रोबच्या प्रकाशात एका कडेवर लाट पुढे सरकत असते, तर दुसऱ्या कडेवर मधोमध, अस्तराखालच्या बारीकशा गाठीपाशी, ती थबकलेली दिसते.