डोकं विकायचं नाही

परवा आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या मशीन शॉपमध्ये दोन नंबरच्या व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं, झिरो गेलं. तिन्ही अक्षांचं. म्हणजे मोजायला कुठून सुरुवात करायची, हेच मशीन विसरलं. कुणा सज्जनाने आधी मेन बंद केला आणि मग बॅटरीबॉक्समधले सेल बदलले. टॉर्चपासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत हे शहाणपण चालतं. इथे नेमकं उलटं आहे. मशीन बंद असताना अक्षाची जागा मोजणाऱ्या अब्सोल्युट एन्कोडरची स्मृती त्या डी साइजच्या ४ अल्कलाइन सेलवरच जगते. म्हणून कंट्रोल चालू ठेवायचा, इमर्जन्सी दाबायची आणि मगच सेल काढायचे. मी शॉपसाठी बसवलेल्या विकीच्या, म्हणजे सगळ्यांना पानं लिहिता-सुधारता येतात अशा साइटच्या, पानावर ही पहिलीच ओळ आहे. ठळक, वर अधोरेखित. आणि मीटिंगमध्ये मला काय ऐकवलं गेलं? "जरा ठळक लिहायला हवं होतं."

विकी ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅमची, १९९५ सालची. नाव त्याने होनोलुलू विमानतळावरच्या बसवरून उचललं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. बसवायला खरंच लवकर झालं. डोकुविकी या विकीच्या सॉफ्टवेअरला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. भंगारात निघालेला डेस्कटॉप पुरला, बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी. एका दुपारचं काम. माणसं आणायला आठ महिने झाले, अजून येतायत.

त्यात मामा. मेंटेनन्सचे मामा म्हणजे त्यांची डायरी: कुठल्याशा बँकेने फुकट वाटलेली, रबरबँड लावलेली, सदऱ्याच्या खिशात. शॉपमधल्या प्रत्येक मशीनचं बेअरिंग, बेल्ट, रिले तिच्यात आहे. खंडेनवमीला पाना-पक्कडीबरोबर तिचीही पूजा होते. हळद सांगलीची, त्यामुळे स्पिंडलच्या बेल्टचा नंबर कायमचा पिवळा झालाय आणि आता तो फक्त मामांनाच वाचता येतो.

"मामा, डायरी विकीवर चढवू या."

"कशावर म्हणालासा?"

"डोकुविकी."

"डोकं विकी?" मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हंजे माझं डोकं विकायचं व्हय?"

"विकायचं नाही हो, सगळ्यांत वाटायचं."

"फुकट? मग तर आणखीच वाईट."

मी नेटाने पान उघडून दाखवलं.

"हे कुनीबी खोडू शकतंय?"

"हो, पण जुनं पान जात नाही. कुणी, किती वाजता, काय बदललं, सगळं राहतं."

"म्हंजे माझी चूक असली तर ती बी ऱ्हानार."

"...हो."

"डायरीतलं पान मी फाडतो," मामा म्हणाले आणि रबरबँड लावला. टक्.

याला काय उत्तर द्यायचं? त्या डायरीमुळेच रात्री दोनला मालकाचा फोन मामांना जातो, मला नाही. माणूस आपली किंमत स्वतःच्या हाताने सर्व्हरवर टाकेल, ही अपेक्षा माझीच बावळट होती.

बाकीच्यांची कारणं किरकोळ, पण छळणारी. एकाने मोठ्या हौसेने पानाला 'दोन नंबर व्हीएमसीचे सेल बदलण्याची योग्य पद्धत' असं नाव दिलं, तर पान सेव्हच होईना. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, फाइलच्या नावात ९ जागा खातं आणि लिनक्स २५५ च्या पुढे जाऊ देत नाही. पंचविसेक चिन्हांत खेळ खलास. तेव्हा फाइलचं नाव इंग्रजीत आखूड ठेवायचं, मराठीचा सोस पानावरच्या मथळ्यात भागवायचा. दुसऱ्याने मोबाइलचा ४ एमबीचा फोटो चढवला, तो गेला नाही. डोकुविकी ज्यावर चालते त्या पीएचपीची अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते, ती वाढवावी लागते. तिसऱ्याने ऑफिसमधला कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा भुसा पडला. तिघांचाही निष्कर्ष एकच: विकी खराब आहे.

मग सगळे पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे सेलची माहिती चार वेळा येऊन गेलीय, दोन वाढदिवस आणि एका सुप्रभातच्या मधोमध. शोधा.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचंच बघा ना. पावसाळ्यात सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. त्यासाठी कुणी प्रशिक्षण घेतलं नाही की लॉगिन मागितलं नाही. पाणी दारात येतं, म्हणून आकडा पाठ होतो. आमच्याकडे झिरो गेलं की पाणी माझ्याच दारात येतं, हा फरक.

शेवटी पानाचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून थेट बॅटरीबॉक्सच्या झाकणावर लावला. झाकण उघडायला हात तिथेच जातो. पॅनेलच्या दारावर लावला होता तेव्हा कूलंटच्या हातांनी आठवड्यात काळा केला. आणि सेलच्या पानावर खाली 'माहिती: मामा' असं टाकलं.

हे मात्र लागू पडलं. आज सकाळी मामा स्वतः आले. "नुसतं मामा काय? सगळं नाव घाला. ऱ्हाऊ द्या, मीच घालतो." एका बोटाने लॉगिन केलं, 'संपादन' दाबलं, आणि चहाला गेले.

पान उघडं राहिलं की डोकुविकी ते दुसऱ्यांसाठी १५ मिनिटं लॉक करते. दहा झालीत. मला त्यात फक्त एक वेलांटी सुधारायची आहे.