राणी मेली, साल राहिलं

"घरात या राणीचं चांदीचं नाणं असेल तर विकू नका. १७८० सालचं आहे, जगात मोजकीच उरलीत, लाखांत जातं." फोटोसकट हा मेसेज महिनाभर फिरतोय. आमच्या मामांनी तर माळ्यावरचा डबा काढला आणि त्यात ते नाणं निघालंसुद्धा! त्यांचे आजोबा येमेनमधल्या एडनला नोकरीला होते, तेव्हाचं.

राणी व्हिक्टोरिया नव्हे, मारिया थेरेसा. ऑस्ट्रियाची, हंगेरी-बोहेमियाची राणी. नाण्याचं नाव थेलर.

आता '१७८० सालचं'. बाई वारली नोव्हेंबर १७८० मध्ये. पण येमेन, इथिओपियाकडच्या व्यापाऱ्यांना याच नाण्याची सवय जडलेली. छाप बदलला की ते नाणं घेईनात. मग टांकसाळींनी तोच चेहरा, तेच साल कायम ठेवून नाणी पाडणं चालूच ठेवलं. व्हिएन्नात आजही पाडतात.

'मोजकीच' हे तर हसण्यासारखं आहे. आजवर ३५ कोटींच्या वर पाडली गेलीत. १९३५ मध्ये मुसोलिनीने ठसे मिळवून रोममध्ये काम सुरू केलं, पाठोपाठ लंडन, पॅरिस, ब्रसेल्स. आणि १९४०-४१ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, आपल्या मुंबईच्या टांकसाळीने दीड कोटीहून जास्त पाडली! ती बनावट नव्हेत, सरकारी टांकसाळीतली आहेत. पण दुर्मिळ कसली?

'चेहऱ्याखाली एस. एफ. असेल तर अस्सल' अशी पुरवणीही आलीय. ती ग्युन्त्सबुर्ग टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची आद्याक्षरं, श्योब्ल आणि फाबी. ठसा तोच ठेवल्यामुळे नंतरच्या नाण्यांवरही ती आहेतच. खरी जुनी ओळखायला जाणकार गरुडाच्या शेपटीची पिसं, खांद्यावरचा ब्रोच, कडेवरची अक्षरं बघतात. राणी हयात असतानाच्या, आधीच्या सालाच्या थेलरला संग्राहक चांगली किंमत देतात, ते खरं.

बाकीच्यांचा हिशेब सराफाचा: वजन २८ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २३.४ ग्रॅम, म्हणजे दोन तोळे. लाख कुठून येणार?

मेसेजखाली 'नोंदणी फी' भरायला नंबर दिलाय, खरी मेख तिथे आहे. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत फी उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलं होतं.

मामांचं नाणं काट्यावर २८ ग्रॅमच भरलं. ते पुन्हा डब्यात गेलंय. मेसेज मात्र त्यांनी अजून डिलीट केलेला नाही.