लाल माती मेलेली नाही, आणि काळी माती म्हणजे अमृत नाही

मुंबईतल्या बाल्कनी-बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘कोकणातली लाल माती म्हणजे जळून गंजलेला दगड, ती मेलेली माती. घाटावरची काळी माती लाव्हापासून झाली, म्हणून ती जिवंत. माती जितकी काळी तितका तिच्यात कार्बन जास्त. अशा मातीला खत लागत नाही. लाल माती वरपासून खालपर्यंत एकसारखी निकस असते. मात्र लाल मातीत पालेभाजी लावली तर शरीराला भरपूर लोह मिळतं. कुंड्यांतली लाल माती आजच फेका, शुद्ध काळी माती भरा.’ आणि शेवटी, अर्थातच, काळी माती घरपोच देणाऱ्याचा नंबर.

मेलेल्या मातीतून भरपूर लोह कसं मिळतं, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणालाच पडलेला दिसत नाही. असो. एकेक मुद्दा घेऊ.

‘काळी माती लाव्हाची, लाल माती जळलेल्या दगडाची.’

दोन्ही लाव्हाच्याच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजून त्यांचा काळा दगड झाला. भूशास्त्रात त्याला बेसॉल्ट म्हणतात, गावाकडे काळवत्री. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच दगडाचे आहेत. सोलापूरची काळी कसदार जमीन याच खडकाच्या झिजेतून झाली, आणि बूट-पायजमे रंगवून परत पाठवणारी माथेरानची लाल मातीही. महाबळेश्वरच्या पठारावरचा जांभाही, म्हणजे लाल मातीखालचा तांबडा दगडही, बेसॉल्टवरच तयार झाला आहे.

मग रंग वेगळे का? मुख्य कारण पाऊस, आणि पडलेलं पाणी निचरून जातं की जागच्या जागी थांबतं, हे. सोलापुरात वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस होतो, रत्नागिरीकडे ३,००० मिलिमीटरच्या वर. एवढ्या पावसात, उष्ण दमट हवेत, लाखो वर्षं दगड धुतला गेला की त्यातले विरघळणारे घटक निघून जातात: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, शेवटी बरीचशी सिलिकासुद्धा. पुन्हा पुन्हा उकळलेल्या चहापत्तीसारखं, जे उतरायचं ते उतरून गेलं आणि चोथा उरला. तो चोथा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा. लोहामुळे तांबडा रंग. ॲल्युमिनियम फार साठलं तर तिथे बॉक्साइट होतं; कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतलं बॉक्साइट असंच आलंय. घाटमाथ्यापलीकडे पाऊस कमी, त्यामुळे हे सगळे घटक धुऊन जात नाहीत. ते जागेवरच एकत्र येऊन फुगणारी-आकसणारी चिकणमाती बनवतात. ती काळी जमीन.

‘गंजलेला’ हा शब्द तसा चुकीचा नाही, लोहाचं ऑक्सिडीकरण तिथे झालेलंच असतं. ‘जळलेला’ मात्र साफ चूक. हा गोंधळ कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. घाट चढताना रस्त्याच्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याचा वरचा भाग किंवा त्यावर पडलेली राख झिजली, त्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती झीज गाडली गेली. काही ठिकाणी वरच्या उष्णतेने भाजलीही गेली. तो लाल पट्टा आणि कोकणातली लाल माती या वेगळ्या गोष्टी आहेत. जांभ्याला आगीची गरज लागत नाही. त्याला लागतं पाणी आणि भरपूर वेळ.

आणखी एक. घाटावर सगळं काळंच असतं, हेही खरं नाही. एकाच गावात माळावर तांबूस मुरमाड हलकी जमीन, उतारावर मध्यम आणि ओढ्याकाठी भारी काळी, हे कुठलाही शेतकरी सांगेल. दगड तोच, पाऊसही तोच. फक्त वरून धुपलेली बारीक माती आणि तिच्याबरोबरचं पाणी खाली जाऊन साठलं.

‘लाल माती वरपासून खालपर्यंत एकसारखी.’

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जांभ्याच्या जमिनीइतके वेगवेगळे थर दाखवणारी दुसरी जमीन आपल्याकडे क्वचितच असेल. गणपतीला कोकण रेल्वेने जाताना रत्नागिरीच्या आसपास खिडकीशी बसा. डोंगर कापून रूळ टाकलेत, तिथे हे थर उघडे पडलेले दिसतात.

सगळ्यात वर भरड, खडेमिश्रित तांबूस माती. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ती जेमतेम बोटभर, कित्येक ठिकाणी नाहीच, नुसता कातळ. राजापूर-रत्नागिरीकडची कातळशिल्पं याच उघड्या कातळावर कोरलेली आहेत. त्याखाली टणक कवच आणि मग जाळीदार जांभा: पोकळ्या, वेड्यावाकड्या नळ्या, त्यांत पिवळट-पांढरी माती. चिरेखाणीत चिरे निघतात ते यातूनच. खाणीतून निघताना चिरा त्या मानाने मऊ असतो, हवा लागली की आतली लोहाची खनिजं पाणी सोडून घट्ट होतात. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली केरळातल्या अंगडीपुरमच्या दगडाचं वर्णन करताना नेमकी हीच गोष्ट नोंदवली आणि या खडकाला शास्त्रात ‘लॅटराइट’ हे नाव मिळालं. आपल्या गवंड्यांना ती नोंद लागली नाही; ते आधीपासून चिरे घडवतच होते.

जांभ्याखाली लाल-पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मऊ माती येते. तिच्याखाली फिकट, कधी जांभळट छटेची चिकणमाती, केओलिन खनिजाची. या थरातून पाणी सहज उतरत नाही. वरच्या जाळीतून झिरपलेलं पाणी इथे अडतं आणि डोंगराच्या कुशीला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात कोकणातल्या वाड्यांवर टँकर का लागतो, याचं एक मोठं कारण या थरांत आहे: वर पाणी थांबत नाही आणि खाली अडलेलं बाजूने निघून जातं. त्याखाली पापुद्रे सुटलेले गोल धोंडे, म्हणजे अर्धवट झिजलेला बेसॉल्ट. आणि तळाला पुन्हा तोच अभंग काळवत्री. या सगळ्याची जाडी कुठे काही मीटर, कुठे वीस-तीस मीटर.

गंमत म्हणजे ‘वरून खालपर्यंत एकसारखी’ हे वर्णन काळ्या मातीला जास्त शोभतं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसात जमीन फुगते, भेगा मिटतात आणि आतली माती एकमेकीवर घासली जाते. खड्डा खणला तर चकचकीत घासलेले पृष्ठभाग दिसतात. ही जमीन स्वतःच स्वतःला ढवळत असते, त्यामुळे तिच्यात ठळक थर तयार व्हायला वावच मिळत नाही. थोडं खाली गेलं की चुनखडीचे खडे लागतात, मग मुरूम, मग दगड.

‘जितकी काळी, तितका कार्बन, खत लागत नाही.’

हा त्या मजकुरातला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा. काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेला कार्बन, सहसा एक टक्क्याच्या आत असतो, बऱ्याच शेतांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. माती परीक्षणाच्या तक्त्यात अर्ध्या टक्क्याखाली म्हणजे ‘कमी’. रंग येतो तो मूठभर गडद ह्यूमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय अंश) चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसल्यामुळे. थोडक्या शाईने सगळं पाणी काळं दिसावं, एवढाच त्याचा अर्थ. प्रमाण त्यावरून कळत नाही. उलट कोकणातल्या जांभ्या मातीत, झाडोरा आणि पालापाचोळा असेल तिथे, सेंद्रिय कर्ब अनेकदा काळ्या मातीपेक्षा जास्त भरतो.

नत्र दोन्हीकडे कमीच. स्फुरद (फॉस्फरस) दोन्हीकडे अडकून बसतो: लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियमपाशी, काळीत चुन्यापाशी. खत लागत नसतं तर घाटावरचा शेतकरी दरवर्षी युरियासाठी रांगेत उभा राहिला नसता.

काळ्या मातीचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे, आणि ते मान्य करायला हवं. तिच्यात चिकणमाती ४० ते ६० टक्के, कधी त्याहूनही जास्त. ती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धरून ठेवते आणि ओल फार काळ टिकवते. पाऊस संपल्यावर निव्वळ जमिनीतल्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी उभी राहते ती यामुळे. लाल मातीची अन्नद्रव्यं धरण्याची ताकद त्यापुढे बरीच कमी, शिवाय ती आम्लधर्मी. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीवर नाचणी-वरीपलीकडे फारसं का पिकत नाही, त्याचं उत्तर इथे मिळतं. पण ‘कमी’ म्हणजे ‘मेलेली’ नव्हे. देवगड-रत्नागिरीचा हापूस आणि वेंगुर्ल्याचा काजू याच मातीत उभे आहेत, कातळात खड्डे घेऊन, बाहेरून माती भरून का होईना. निचरा उत्तम लागतो अशा झाडांना ही जमीन मानवते.

‘लाल मातीतल्या पालेभाजीतून भरपूर लोह.’

नाही. लाल मातीतलं लोह बहुतेक ऑक्साइडच्या रूपात घट्ट बसलेलं असतं. रोप त्यातलं आपल्या गरजेपुरतं अगदी थोडं उचलतं. पालकाच्या पानात किती लोह असेल हे मुख्यतः पालक ठरवतो, आणि त्यातलं आपल्या अंगी लागतं ते त्याहून थोडं. शिवाय लोह काळ्या मातीतही भरपूर असतं, मूळ बेसॉल्टमध्येच लोहाची ऑक्साइडं वजनाने १० ते १४ टक्के. तरीही चुनखडीच्या काळ्या जमिनीत भुईमूग पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि शेतकऱ्याला हिराकस (लोहाचं सल्फेट) फवारावा लागतो. माती विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट, अल्कलाइन) असल्यामुळे आत असलेलं लोह मुळांना मिळत नाही. मातीत काय आहे आणि रोपाला काय मिळतं, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

‘कुंडीत शुद्ध काळी माती भरा.’

शेतात जी माती गुणाची, ती कुंडीत डोकेदुखी ठरू शकते. शेतात तिच्या भेगा खोलवर जातात, मुळं चार-चार फूट पसरतात, वाफसा आला, म्हणजे मशागतीजोगी ओल राहिली, की शेतकरी कुळव घालून माती मोकळी करतो. बारा इंची कुंडीत यातलं काहीच नाही. मुंबईच्या जुलैत ती फुगून गच्च होते, हवा आत जात नाही, मुळं कुजतात. मे महिन्यात चार दिवस गावाला गेलात की ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. परत येऊन ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत, आणि मधलं ढेकूळ कोरडंच. ओली काळी माती किती जड होते हेही लक्षात घ्या, विशेषतः जुन्या इमारतीच्या कठड्यावर कुंड्या टांगलेल्या असतील तर.

माझं मत विचाराल तर मुंबईच्या पावसात लाल माती बरी. तिच्यात चांगलं कुजलेलं खत सढळ हाताने घाला, थोडा कोकोपीट. ती अन्नद्रव्यं फार धरत नाही म्हणून खत थोडं थोडं आणि वारंवार. काळी मिसळायचीच तर चौथाईच्या वर नको.

पोत्यावर ‘लाल माती’ लिहिलंय म्हणून ती जांभ्याचीच असेल असंही नाही. कधी तो कुठल्यातरी टेकडीचा खरवडलेला मुरूम असतो. घरच्या घरी दोन गोष्टी करून बघता येतात. मूठभर माती ओली करून तळव्यावर वळा. लांब, न तुटणारी वळी झाली तर चिकण जास्त. वळता वळता मोडली तर निचरा बरा. दुसरं, सुक्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. त्या मातीत अनंत, इक्झोरा यांसारखी आम्ल माती आवडणारी झाडं लावू नका, पानं पिवळी पडतील.

आणि घरपोच मागवलेली काळी माती आता दाराशी येऊन पडलीच असेल, तर ती गटारात तरी रिकामी करू नका. पाणी धरणारी चिकट माती कमळाच्या टबाला हवीच असते, आणि बुडाला भोक नसलेल्या जुन्या बादलीत अळूही तिच्यात छान येतो.