घर तिचं, मी ओळखदार

पुण्यात रिसेलचा फ्लॅट घेताना एजंटचं पहिलं वाक्य नीट ऐकायचं असतं, पुढचं सगळं तिथेच ठरतं. आमचा एजंट म्हणाला, "साहेब, एकट्या मॅडमच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का वाचतो." व्यवहार 60 लाखांचा, पुरुषाला 7 टक्के आणि बाईला 6, म्हणजे रोख 60 हजार. मी म्हटलं दोघांच्या नावावर घेतला तर अर्धा टक्का तरी? तर नाही म्हणे, घेणाऱ्यांत एक जरी पुरुष आला की सवलत गेली. थोडक्यात माझं नाव लावायचा खर्च 60 हजार. बायकोने मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "नको, वाचवूया."

बँकेला मात्र मी हवा होतो. तिच्या एकटीच्या पगारावर तेवढं लोन बसेना, म्हणून मी सहकर्जदार. मालक नसलात तरी कर्जदार होता येतं सर, असं तिथल्या मुलीने इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी थँक्यू म्हणून बसलो.

मग वकील. त्यांनी 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतला. बिल्डिंग 2006 ची आहे हो, मी म्हटलं. ते म्हणाले बिल्डिंग असेल, जमीन नाही. आधी तिथे ऊस होता, मग त्या उसाच्या मालकाला बहिणी किती, त्या सगळ्यांनी हक्कसोड दिलंय का, एक बहीण वारली तर तिच्या मुलांचं काय, असं करत करत मला त्या घराण्याची माहिती माझ्या स्वतःच्या चुलत घराण्यापेक्षा जास्त झाली. वर पेपरात जाहीर नोटीस, की सदर फ्लॅटवर कुणाचा गहाण, दान, तारण, पोटगी वगैरे काही हक्क असेल तर 14 दिवसांत कागदपत्रांसह कळवा. ते चौदा दिवस दारावरची बेल वाजली तरी मी आधी खिडकीतून बघायचो.

साठेखताचा, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराचा, ड्राफ्ट आला तेव्हा कळलं की आपण फ्लॅट नाही, संस्थान घेतोय. तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, तो "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह" मिळणार होता. जल सकाळी दोन तास येतं. तरू म्हणजे बाल्कनीतली तुळस, ती फ्लॅट विकणाऱ्या काका-काकूंपैकी काकू सोबत घेऊन जाणार होत्या. निधी-निक्षेप म्हणून माळ्यावर जे काही पुरून ठेवलेलं होतं ती काकांची तीस वर्षांची कॅलेंडरं निघाली. चतुःसीमा पण होत्या बरं का, पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, दक्षिणेस फ्लॅट नंबर 302, उत्तरेस लिफ्ट. लिफ्ट बंद असली तरी सीमा चालू.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी सब-रजिस्ट्रार ऑफिसमध्ये आमचा नंबर यायला आणि सर्व्हर डाऊन व्हायला एकच गाठ पडली. चहा पिऊन झाला, दुसरा पिऊन झाला, मग सर्व्हर आला तर काकूंचा अंगठा मशीन घेईना. ऑपरेटर म्हणाला पुसून ठेवा, काकूंनी पदराला पुसला. जरा दाबा, त्यांनी दाबला. आता उचला, परत ठेवा, सरळ ठेवा. मागची रांग आमच्या खांद्यावरून वाकून मशीनमध्ये बघायला लागली. शेवटी काका वैतागून म्हणाले, "मला जन्मभर अंगठाच दाखवला हिने, मशीनला पण तेच!" हे ऐकून काकूंनी असा काही जोर लावला की मशीनने मुकाट्याने ठसा घेतला.

एक ओळखदार, म्हणजे व्यवहार करणाऱ्यांची ओळख पटवणारा माणूस, ऐनवेळी आलाच नाही. एजंट म्हणाला साहेब तुम्ही तसेही पार्टी नाही आहात, तुम्हीच बसा. तर मी माझ्याच घराच्या रजिस्ट्रेशनला, माझ्या बायकोला मी व्यक्तिशः ओळखतो आणि तिची ओळख पटवतो, असं सरकारला लिहून दिलं, खाली सही, बाजूला फोटो. सोळा वर्षांच्या संसारानंतर असं छातीठोकपणे लिहून द्यायला हिंमत लागते. बायको म्हणाली, "बघ हं, विचार करून कर सही."

ड्युटीत 60 हजार वाचले त्याचा आनंद टीडीएसने खाल्ला, कारण 50 लाख किंवा वरचा व्यवहार असला की घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या इन्कम टॅक्सपोटी 1 टक्का कापून सरकारला भरायचा. पैसे काकांचेच, पण त्यांच्या अकाउंटला 60 हजार कमी दिसले आणि रात्री साडेदहाला फोन, "हे कुठे गेले?" चलन दाखवलं, सर्टिफिकेट दाखवलं, त्यांच्या सीएकडून वदवून घेतलं, तरी काकांची नजर अजून जरा तशीच आहे.

खरेदीखत झालं, इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराच्या सरकारी नोंदीचा उतारा, आला, तो फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. सोसायटीची ट्रान्सफर फी 25 हजारांच्या वर घेता येत नाही, म्हणून सेक्रेटरींनी पंचवीस घेऊन झाल्यावर ऐच्छिक देणगीचा विषय काढला, ऐच्छिक रक्कम पावतीवर आधीच छापलेली होती. शेअर सर्टिफिकेटवर अर्थात तिचं नाव.

परवा जनरल बॉडी मीटिंगला गेलो तिच्यामागून. तिथे कळलं की खालची जमीन अजून उसाच्या मालकांच्याच नावावर आहे. 1963 च्या मोफा या फ्लॅट मालकीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून द्यायला हवं होतं, ते राहिलं ते राहिलंच. आता डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरशिवायच ते करून घ्यायला, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. मला त्या बहिणी तोंडपाठ होत्या म्हणून मी काहीतरी बोलायला उठलो, तर चेअरमन म्हणाले आपण मेंबर नाही, कृपया खाली बसा. बसलो. पुढे सगळ्या फ्लॅटवाल्यांचे कागद गोळा करून सरकारी ऑफिसात खेटे कोण घालणार असा प्रश्न आला तेव्हा बायकोने हात वर करून माझं नाव सुचवलं, आणि मेंबर नसूनसुद्धा ते एकमताने मंजूर झालं.