चीनचे ४ आणि आपले ०.४? हा भागाकार कुणी केला?

आमचे काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनीच घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला, म्हणून हे लिहितोय. नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही. ‘भारत शिक्षणावर जीडीपीच्या जेमतेम ०.४ टक्के खर्च करतो आणि चीन ४ टक्के. चीनने १९४९ पासून सलग ६ टक्के खर्च केला, म्हणून तो महासत्ता झाला.’ आता हे ४ की ६, ते लिहिणाऱ्यालाच ठरवता आलेलं नाही. खाली मात्र ‘कटू सत्य’ म्हणून माना डोलावणाऱ्यांची रांग.

आधी ते ०.४ घेऊ, कारण खरी लबाडी तिथे आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाला १,२८,६५० कोटी रुपये आहेत. सुमारे ३५७ लाख कोटींच्या जीडीपीने भागलं की ०.३६ येतं. म्हणजे राज्यांचा खर्च चक्क शून्य धरला! अहो, शाळा चालवतात राज्यं. १९७६ पर्यंत तर शिक्षण हा राज्यांचाच विषय होता, मग तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या यादीत गेला. जि. प. शिक्षकांचा पगार, अनुदानित शाळांचं वेतन, पेन्शन, सगळं राज्याच्या तिजोरीतून. काका, तुमचं पगारबिल दर महिन्याला पंचायत समितीतून जायचं ना? या मेसेजच्या हिशेबात तो पगार तुम्हाला मिळालाच नाही.

केंद्र आणि राज्यं मिळून किती? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच छापलंय: ४.४३ टक्के, २०१७-१८ चा आकडा. आर्थिक पाहणी अहवालात तो तीनच्या आसपास दिसतो, कारण इतर खात्यांचा शिक्षण-प्रशिक्षणावरचा खर्च तिथे धरत नाहीत. भांडायचंच तर ३ की साडेचार यावर भांडा. आणि हीच चलाखी चीनला लावून बघा. तिथेही शाळांचा बहुतेक भार प्रांत आणि त्याखालची स्थानिक सरकारं उचलतात. एकट्या बीजिंगच्या केंद्र सरकारचा खर्च धरला तर चीनही एक टक्क्याच्या आत येतो.

आता ‘१९४९ पासून सलग ६’. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) तिथली विद्यापीठं ओस पडली होती, विद्यापीठांची प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली ती १९७७ मध्ये. १९९३ मध्ये चीनने स्वतःच लक्ष्य ठेवलं, २००० पर्यंत ४ टक्के. ते हुकलं. नव्वदच्या दशकात ते अडीचच्या आगेमागे होते आणि आपण साडेतीन-चारच्या दरम्यान. होय, आपण पुढे होतो! त्यांनी ४ ओलांडले ते २०१२ साली. आणि ६ टक्के? तो आकडा आपल्याच कोठारी शिक्षण आयोगाचा, १९६६ चा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. १९८५-८६ पर्यंत गाठायचा होता, अजून गाठतोय. तो उचलून चीनच्या नावावर खपवलाय.

मेसेजमधलं ‘चिनी शाळेत फी नाही’ हे सक्तीच्या पहिल्या नऊ वर्षांपुरतं खरं, पण ग्रामीण भागात तेही २००६-०७ मध्ये झालं. पुढे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. चीनचा जीडीपी आपल्या चौपटीहून जास्त आहे, त्यामुळे टक्का सारखा असला तरी दर मुलामागे पडणारा पैसा सारखा नसतो. शिवाय आपण टक्क्यात पुढे असतानाही ते साक्षरतेत पुढे होते: १९८१ मध्ये आपण ४४ टक्क्यांच्या आत, ते पासष्टच्या आसपास. त्यांनी आधी गावची शाळा धरली. तिथले कितीतरी मास्तर सरकारी नव्हतेच, गाव त्यांना कम्यूनच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या हिशेबातून पोसायचं. तो खर्च कुठल्याच टक्क्यात दिसत नाही.

आणि तुलना हवीच असेल तर ही करा. २०१२ चं लक्ष्य गाठायला चीनने स्थानिक सरकारांना जमीन-हक्कांच्या विक्रीतल्या निव्वळ उत्पन्नाचे १० टक्के शिक्षणाला द्यायला लावले. आपल्याकडे २००४ पासून शिक्षणाच्या नावाने उपकर घेतात. तो केंद्राकडे जमा होतो आणि राज्यांच्या कर-वाट्यात धरला जात नाही. शाळा चालवणाऱ्या राज्यांच्या.